गेलेल्या मुहूर्ताचा बेदाणा होत नाही

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, तासगाव तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. सहा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी घेतोय. हळद आणि लग्न असं दोन दिवसांचं काम. फोटो, व्हिडिओ, अल्बम मिळून ३५ हजार घेतो. गेल्या सीझनला २८ लग्नं केली. ऑर्डरींना तोटा नाही, पण सीझन संपल्यावर नवी हार्ड डिस्क घ्यायला मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. आता स्टँडसमोर एका नव्या मुलानं दुकान टाकलंय. तो १८ हजारांत लग्न करतो, पेनड्राइव्हवर फोटो देतो. गिऱ्हाईक त्याचं नाव सांगून मला खाली ओढतं. दर वाढवावा म्हटलं तर आपण लोकांना लुबाडतोय असं वाटतं, कारण लोक म्हणतात, बटणच तर दाबायचंय. त्यात मार्गशीर्षात मावसबहिणीचं लग्न आहे. मावशी म्हणते, 'तू घरचाच, तुझं काय ते बघू.' योग्य दर म्हणजे नेमका किती? आणि मावशीला काय सांगू? बायको खर्चाची वही ठेवते, तिच्या पानांचे फोटो सोबत पाठवतोय."

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं आणि वही चारदा. वहिनींनी लाइटवाल्या पोराच्या वडापावाचे पैसेसुद्धा लिहिलेत. मी स्वतः कधी कॅमेरा धरला नाही. मिरजेत आमचा स्टुडिओ सत्तावीस वर्षं चालला, त्यात कॅमेरा ह्यांच्या हातात असायचा. डायरी, गल्ला आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. त्यामुळे उजेडाबिजेडाचं मला विचारू नका, पण अशी वही वाचता येते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच पानांत आहे, बेरीज तेवढी खालपर्यंत नेलेली नाही, असं मला आधी वाटलं. ती मी नेते.

एका लग्नाचे ३५ हजार येतात. त्यातले ८ हजार व्हिडिओवाला दोन दिवसांचे नेतो. लाइट धरणारा पोरगा रोजचे ८०० प्रमाणे १,६००. व्हिडिओ कापून-जोडून देणारा मिक्सिंगवाला ५ हजार. करिझ्मा अल्बम, म्हणजे पानांवरच फोटो छापलेला, डिझाइन आणि बॅगेसकट ९ हजार. पेट्रोल आणि चहापाणी दीड हजार, पेनड्राइव्ह आणि डेटा साठवायचा खर्च हजारभर. झाले २६,१००. तुमच्या हातात राहिले ८,९००. अठ्ठावीस लग्नांचे झाले २ लाख ४९ हजार २००. यातून गाळ्याचं भाडं ६० हजार, कॅमेऱ्याचा हप्ता महिना साडेसात हजार म्हणजे वर्षाचे ९० हजार, लाइटबिल, नेट आणि सॉफ्टवेअरचे १८ हजार, दुरुस्ती आणि विमा १५ हजार. हे १ लाख ८३ हजार गेले की उरतात ६६,२०० रुपये. महिन्याचे नव्हेत, वर्षाचे.

आता दिवस मोजू. हळद आणि लग्नाचे दोन. नंतर साडेतीन हजार फोटोंतून निवड, रंग सुधारणं, नवरीच्या गालावरची हळद कमी करणं आणि नवरदेवाचा काळवंडलेला चेहरा उजळणं, यात तुमचे पाच दिवस जातात असं तुम्हीच लिहिलंय. अल्बमच्या दुरुस्त्या, "आत्याचा फोटो राहिला", पुन्हा दुरुस्त्या, यात आणखी एक. एका लग्नामागे आठ दिवस, २८ लग्नांचे २२४. सहासष्ट हजार दोनशेला २२४ नं भागा. दिवसाचे २९५ रुपये येतात.

लाइट धरणाऱ्या पोराला तुम्ही ८०० देता.

पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनचा गल्ला वहिनींनी वेगळा मांडलाय, ते फार बरं केलं. तुमचं घर त्या गल्ल्यावर चाललंय. लग्नं तुम्ही जवळजवळ हौसेखातर करताय. तेव्हा लुबाडल्याची भावना असायलाच हवी असेल तर निदान कोण कुणाला लुबाडतंय ते नीट बघून घ्या.

"बटणच तर दाबायचंय" याचं मूळ मला ठाऊक आहे. आमच्याकडे सुरुवातीला यशिका कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो. नंतर छत्तीसचा रोल आला. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "किती रोल?" रोल दिसायचा, प्रिंटा मोजता यायच्या, मुलाचे काका पाकिटातून एकेक काढून चष्म्याजवळ नेऊन मोजायचे. आपण कशाचे पैसे देतोय हे लोकांच्या हातात असायचं. डिजिटल आलं आणि मोजायची वस्तूच गेली. मग लोक दिसतं ते मोजायला लागले: माणूस आला, बटण दाबलं, जेवून गेला. दोष त्यांना देऊन उपयोग नाही, कारण तुमचे पाच दिवस कुणालाच दिसत नाहीत. आणि बटण फुकट आहे असंही नाही. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण दीड-दोन लाख क्लिकचा अंदाज धरून बनवलेलं असतं. लग्नाला साडेतीन हजार धरले तर २८ लग्नांत ९८ हजार झाले. दीड सीझनमध्ये दीड लाख क्लिकचं शटर आपलं कागदावरचं आयुष्य जगून झालं. पुढचं गिऱ्हाईक असं म्हणालं तर हा हिशेब त्याला ऐकवा, हसत हसत.

पण दराचं खरं मूळ कॅमेऱ्यातही नाही. ते पंचांगात आहे. आषाढीला चातुर्मास बसला की तुमचं दुकान लग्नापुरतं बंद. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की सीझन उघडतो, पौषात पुन्हा फारसं कुणी धरत नाही, मग माघ ते ज्येष्ठ नुसती धावपळ. चांगल्या मुहूर्ताला एकाच दिवशी तुमच्याकडे पाच फोन येतात, आणि तुम्ही एकाच मांडवात उभे राहू शकता. तासगावच्या माणसाला हे मी काय सांगावं? द्राक्ष विकलं गेलं नाही तर त्याचा बेदाणा तरी होतो. गेलेल्या मुहूर्ताचा बेदाणा होत नाही. तुम्ही फोटो विकत नाही, तुम्ही वर्षातले मोजके दिवस विकता, आणि त्या दिवसांनी तुमचं उरलेलं वर्ष पोसायचं असतं. म्हणून दर ठरवताना शेजारच्या दुकानाचा बोर्ड बघू नका, आपलं वर्ष बघा.

बघू या. घरात महिना ३५ हजार यावेत असं धरू. तुमच्या शिक्षणाचा, अनुभवाचा, दोन मुलांचा विचार केला तर ही काही चैन नव्हे. वर्षाचे ४ लाख २० हजार. वरचा १ लाख ८३ हजारांचा खर्च. आणि ६० हजार बाजूला, कारण हा कॅमेरा फिटेल तेव्हा दुसरा घ्यायची वेळ आलेली असेल. बेरीज ६ लाख ६३ हजार. अठ्ठावीस लग्नांवर वाटली तर प्रत्येकी २३,७०० च्या आसपास. त्यात लग्नाचा रोख खर्च २६,१०० मिळवा. पन्नास हजार. हा तुमचा दर. माझा नव्हे, पुण्यातल्या कुणाचा नव्हे. ज्याचा गाळा स्वतःचा आहे त्याचा कमी येईल. कोल्हापुरात भर पेठेत बसलेल्याचा जास्त. सगळ्यांना एक दर असावा असं मला तरी वाटत नाही.

काही जण सांगतात की लग्नाच्या एकूण खर्चाच्या इतके टक्के फोटोला, असं धरावं. मला ते पटत नाही. त्यांनी ताटात एक पदार्थ वाढवला म्हणून तुमचं पेट्रोल वाढत नाही, आणि गरिबाच्या लग्नात अल्बमवाला तुम्हाला शीट स्वस्त लावत नाही.

"पन्नास म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल." पळेल की. किती पळेल ते बघा. आज एका लग्नामागे ८,९०० उरतात, पन्नासात २३,९०० उरतील. आज २८ लग्नांत जेवढं उरतं तेवढं तेव्हा अकरा लग्नांत उरेल. म्हणजे सतरा ऑर्डरी गेल्या तरी तुमच्या खिशाला कळणार नाही, फक्त पाठीला कळेल. एवढ्या जातील असं मला वाटत नाही. पण एकदम उडी मारायची नसेल तर या तुळशीच्या लग्नापासून ४३, पुढच्या वर्षी पन्नास. ज्यांचा विसार घेऊन झालाय त्यांना मात्र जुन्याच दरात, तोंड वाकडं न करता.

आता तो स्टँडसमोरचा मुलगा. तुम्हाला वाटतंय तो दर पाडतोय. मला त्याचा हिशेब करून बघावासा वाटला. फक्त लग्नाचा दिवस, कॅमेऱ्यामागे एकटा माणूस, व्हिडिओ नाही, अल्बम नाही. लाइटवाला, पेट्रोल, पेनड्राइव्ह मिळून २,३०० खर्च. नंतर तीन-साडेतीन दिवस निवड आणि रंग. तुमच्या नव्या हिशेबानं दिवसाचे तीन हजार धरले तरी साडेचार दिवसांचे साडेतेरा हजार, अधिक खर्च, म्हणजे १५,८००. तो घेतो १८. भाऊ, तो स्वस्त नाही, तो कमी काम देतोय आणि कमी कामाचे बरोबर पैसे घेतोय. दिवसाचा हिशेब लावला तर तो तुमच्या कितीतरी पुढे असणार. तुम्ही दोन दिवस, तीन माणसं आणि चाळीस पानांचा अल्बम देऊन त्याच्या दुप्पटही घेत नाही.

तेव्हा गिऱ्हाईक त्याचं नाव काढेल तेव्हा चिडू नका. "तो जे देतो तेवढंच हवं असेल तर मीही १६ हजारांत देतो, पण पंचांगातल्या मोठ्या तारखेला नाही. आडवारी, रजिस्टर लग्नाला, काढीव मुहूर्ताला देतो." असं सरळ सांगा. आणि त्या मुलाला चहाला बोलवा. तुमच्या मोठ्या लग्नाला दुसरा हात हवाच असतो. तुमच्याकडे शिकेल तो, आणि उद्या तुम्ही तापानं पडलात तर मांडवात कुणीतरी असेल.

पैसे कमी करा म्हणणाऱ्याला काम कमी करून द्यायचं. चाळीस पानांची तीस करा, हळदीचा व्हिडिओ काढून टाका, ड्रोन नको म्हणा. (ड्रोनचे पैसे तसेही दरात धरू नका, उडवणाऱ्याचे वेगळे. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला सर्टिफिकेट लागतं, ते त्याच्याकडे आहे का एवढं बघा.) तेवढंच काम आणि पैसे कमी, हे एकदा केलंत की पुढच्या पाच गिऱ्हाइकांना आधीच्यानं सांगितलेलं असतं. आमचे हे आकडा सांगायचे आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच "करू की कमी-जास्त" म्हणायचे. मी आतल्या खोलीच्या पडद्याआडून डोळे वटारून थकले. शेवटी दर सांगायचं काम मी घेतलं. वहिनी वही एवढी चोख ठेवतात, तर हेही काम त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही.

पैसे घ्यायची पद्धत बदला. तारीख लिहिताना तीस टक्के विसार, हळदीच्या सकाळी पन्नास, अल्बम हातात देताना वीस. तुम्ही लिहिलंय की चार जणांकडे मागच्या वर्षीची बाकी आहे आणि तोवर त्यांचे फोटो अडकवून ठेवलेत. "द्राक्षाचे पैसे आले की देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण द्राक्षाच्या पैशाला आधी सोसायटीचं कर्ज असतं, मग औषधवाला, मग तुम्ही. ती बाकी वसूल करा जरूर, पण फोटो देऊन टाका. नवरीचे फोटो ओलीस ठेवणं मला तरी शोभत नाही वाटत. उद्या तुमचीच डिस्क उडाली तर ती माणसं ग्राहक आयोगात जातील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. दोन कार्डांवर एकदम साठवणं, घरी आल्यावर दोन ठिकाणी उतरवणं हा खर्च दरात धरलाय तो यासाठीच. आणि "जादा शीट प्रत्येकी एवढे" हे अल्बम दाखवताना सांगू नका, विसार घेताना सांगा. अल्बम बघताना आईला एकही पान काढवत नाही हे आपल्याला माहीत असतं. त्याचे पैसे करणारे आहेत. तुम्ही नका करू.

एका पानावर सगळं लिहून सही घ्या. त्यातच फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी घ्या, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. जीएसटीची एवढ्यात चिंता नको. तुमची सगळी मिळून उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे, पन्नासाच्या दरानंही राहील. नोंदणी नसताना बिलात जीएसटी मात्र लावू नका.

मावशीकडे यायला मी मुद्दाम वेळ लावला, कारण तिथे माझी स्वतःची एक चूक आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. मी म्हटलं, "निम्म्यात करू गं, घरचंच आहे." दोन महिन्यांनी त्याच तारखेची सांगलीची ऑर्डर आली, पूर्ण पैशाची. डायरी माझ्या हातात. मी ती घेतली. मनात असं की निम्म्या पैशाला निम्मं लक्ष पुरे. हे सांगलीला गेले आणि मैत्रिणीकडे आम्ही पोरगा पाठवला. मंगलाष्टकं संपत आली, मामा मुलीच्या मागे उभे, ताशा सुरू व्हायच्या बेतात. आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा आमचा पोरगा मान खाली घालून यशिकात नवा रोल भरत होता. बारा फोटो संपले होते. त्या अल्बममध्ये अंतरपाट धरलेला आहे, आणि पुढच्या पानावर एकदम गळ्यात हार. मधलं काही नाही. मैत्रीण कधी एका शब्दानं बोलली नाही. मी मात्र तिच्या घरी गेले की कपाटाच्या त्या कप्प्याकडे बघत नाही.

निम्म्या दरात काम घेतलं की देणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिलेत, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण उपकार केलेत. दोघंही मग हिशेब मांडत बसतात. म्हणून नात्यात एक तर पूर्ण दर घ्या, नाही तर पूर्ण आहेर करा. तुमची मावसबहीण आहे, तुम्ही आहेर करणार हे पत्रावरून कळतंच. पण आहेर स्वतःच्या कष्टांचा करावा, दुसऱ्याच्या नव्हे. व्हिडिओवाला, मिक्सिंगवाला, लाइटवाला पोरगा यांची ती मावशी लागत नाही.

मावशीच्या घरी जा, चहा घ्या, आणि नेहमीच्या छापील पावतीवर लिहून द्या: दर ५०,०००. वजा ताईला आमच्याकडून आहेर २३,९००. देणे २६,१००. तोंडानं एवढंच म्हणा, "मावशी, माझे पैसे मला नकोत, पण माझ्याबरोबर येणाऱ्यांचे मी बुडवू शकत नाही." मावशी आधी गप्प बसेल. मग पावती काकांना दाखवेल. आणि लग्नात व्याह्यांना सांगेल की भाच्यानं २३,९०० चा आहेर केला. "तुझं काय ते बघू" मधून तुम्हाला यातलं काहीच मिळालं नसतं, आहेराचं नावसुद्धा. आणि डायरीत ती तारीख आता लाल शाईनं लिहा. सांगलीहून कुणाचाही फोन आला तरी.

एक राहिलं. वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं "२९५?" असं लिहून वर रबर फिरवलंय. पुसलं गेलेलं नाही नीट. अक्षर वडापाव लिहिणाऱ्याचंच आहे. नवं दरपत्रक तुळशीच्या लग्नाच्या आत त्यांच्याकडूनच लिहून घ्या.